दशक १९, समास १ : गाणं लिहून ठेवणारे पंडित भातखंडे



आजचा समास लेखनक्रियेचा. खरं सांगायचं तर पारायणात हा समास बहुतेक जण भरभर उरकतात. अठरा दशकं माया, ब्रह्म, भक्ती, विवेक ऐकून झाल्यावर समर्थ एकदम शाई, बोरू आणि कागदावर उतरतात. अक्षर कसं असावं, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, ग्रंथाचं पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच हाताचं कसं वाटावं, याच्या बारीक सूचना. त्यातल्या दोन गोष्टींपाशी मी दरवेळी थांबते. एक म्हणजे तरुणपणी फार बारीक अक्षरात लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. दुसरी, कागदाच्या चारही बाजूंनी जागा सोडून मधोमध लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. कागद जाणारच आहे हे धरून चालायचं आणि तरी अक्षर वाचवायचं!

आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलांना हा समास जास्त जवळचा वाटायला हवा. वरंध घाटाच्या पायथ्याची शिवथरघळ आपल्याच तालुक्यातली. परंपरा सांगते की समर्थांनी तिथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतला. बाहेर धबधब्याचा आवाज, आत एक जण बोलतोय आणि एक जण लिहितोय. कल्याणस्वामी लिहीत नसते तर आज तुम्ही लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर काय वाचलं असतं?

याच समासाच्या निमित्ताने आज एका माणसाचं चरित्र सांगायचं आहे. तो आपल्या तालुक्यातला नव्हे, मुंबईचा. पण त्याने गाण्याच्या बाबतीत कल्याणस्वामींचं काम केलं, आणि तेही शेकडो गुरूंसमोर बसून. त्यातले निम्मे गुरू सांगायला तयारच नव्हते.

पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वर, मुंबई. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर मध्यमवर्गीय, वडील नारायणराव गाण्याचे शौकीन. मुलगा लहानपणी बासरी वाजवू लागला, मग सतार शिकला. पण त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात गाणं पोटापाण्यासाठी कोणी करत नसे. गवई म्हटलं की भुवया उंचावत. म्हणून भातखंडे रीतसर शिकले, १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये एलएल.बी. झाले, काही काळ कराचीला आणि मग मुंबईत वकिली केली.

गाणं मात्र सुटलं नाही. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जायला लागले. ही पारशी मंडळींनी चालवलेली संस्था. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना धृपदांचा मोठा साठा मिळाला, अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी तालीम. ऑफिस सुटल्यावर हार्मोनियमच्या क्लासला धावणाऱ्या तुमच्यापैकी काहींना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

इथे त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. एकच राग दोन उस्ताद वेगवेगळा गात. विचारलं तर उत्तर एकच, आमच्या घराण्यात असंच आहे. का, याचं उत्तर नाही. मग त्यांनी जुने संस्कृत ग्रंथ उघडले. तेराव्या शतकातला शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर, त्यानंतरचे कितीतरी. तर तिथे वेगळाच पेच. ग्रंथात सांगितलेला राग आणि मैफलीत ऐकू येणारा राग यांचा मेळच बसत नव्हता. नाव तेच, पण सूर वेगळे.

अशा वेळी पोथी पंडित काय करतो? पोथी खरी आणि गाणारे चुकीचे, असं म्हणून मोकळा होतो. भातखंड्यांनी तसं केलं नाही. त्यांनी ठरवलं की आज जे प्रत्यक्ष गायलं जातंय ते प्रमाण मानायचं आणि त्याचं शास्त्र नव्याने बांधायचं. त्यांच्या शब्दांत हे लक्ष्यसंगीत. दासबोधात शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती आणि आत्मप्रचिती या तिन्हींचा मेळ बसावा लागतो हे आपण मागच्या दशकांत वाचलंय. भातखंड्यांच्या कामाची घडण मला तशीच दिसते. हे माझं जोडणं आहे, त्यांनी तसं कुठे म्हटल्याचा माझा दावा नाही.

मग घरावर आघात झाला. १९०० मध्ये पत्नी गेली आणि १९०३ मध्ये मुलगी. चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, घर रिकामं. चरित्रकार इथे एकदोन ओळी लिहून पुढे जातात, कारण त्यांनी स्वतः या दुःखाचा गाजावाजा केला नाही. एवढं दिसतं, की १९०४ मध्ये ते दक्षिणेकडे निघाले आणि त्यानंतर पुढची तीस वर्षं गाणं सोडून दुसऱ्या कशासाठी ते जगले नाहीत. वकिलीही हळूहळू सुटली.

१९०४ चा तो प्रवास मद्रास, तंजावर, मदुराई, रामेश्वर असा झाला. बरोबर वह्या आणि विचारायच्या प्रश्नांची यादी. एट्टयपुरमला त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. हे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले, आणि त्याच वर्षी त्यांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा प्रचंड ग्रंथ छापून झाला होता. घराण्याचं धन कुलुपात ठेवायच्या ऐवजी छापून टाकणारा माणूस भातखंड्यांना प्रत्यक्ष भेटला! दक्षिणेतच त्यांना व्यंकटमखीचा चतुर्दंडीप्रकाशिका हाती लागला. सतराव्या शतकातल्या या ग्रंथात ७२ मेलांची मांडणी आहे. सगळे राग या मेलांच्या पोटात बसवायचे, अशी ती युक्ती. भातखंड्यांनी ती उचलली आणि उत्तरेच्या गाण्याला पुरतील एवढे दहाच थाट ठेवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. आज गल्लीतल्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात पाठ करायला लावतात ती हीच यादी.

१९०७ आणि १९०८ मध्ये ते पूर्वेला आणि उत्तरेला फिरले. नागपूर, कलकत्ता, मग अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर. प्रत्येक गावी पद्धत एकच. गाणाऱ्यांना भेटायचं, विचारायचं, पोथ्या कुठे आहेत ते शोधायचं आणि रात्री सगळं लिहून काढायचं. बिकानेरच्या राजग्रंथालयात भावभट्टाचे ग्रंथ मिळाले. अशा कित्येक पोथ्या पुढे त्यांनी छापून आणल्या. त्यात भालचंद्र सुकथनकर या वकील मित्राचा मोठा हातभार होता.

उस्तादांकडून बंदिशी मिळवणं मात्र पोथीपेक्षा फार कठीण. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. बंदिश हीच त्यांची शेतीवाडी. मुलाला द्यायची, फार तर जावयाला. ती छापली तर उद्या कोणीही गाईल, मग घराण्याचं काय राहिलं? त्यात समोर आलेला माणूस इंग्रजी शिकलेला वकील, हातात वही. संशय येणारच. तरी काहींनी दिल्या. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ कोठीवाले यांच्या घराण्याकडून, त्यांच्या मुलांकडून, शेकडो बंदिशी मिळाल्या आणि फोनोग्राफवरही उतरवून घेतल्या गेल्या. रामपूरला तानसेनाच्या वंशपरंपरेतले वजीर खाँ होते. ती विद्या मिळावी म्हणून भातखंड्यांनी रामपूर दरबाराची शागिर्दी पत्करली. तोवर त्यांचं स्वतःचं नाव झालेलं होतं, वयही पन्नाशीच्या पुढे. तरी शिष्य म्हणून खाली बसले.

आता त्यांची दुसरी बाजू. संतचरित्र नाही हे, त्यामुळे झाकायचं काही कारण नाही. त्यांच्या प्रवासाच्या रोजनिश्या वाचताना ठिकठिकाणी वकिली उलटतपासणीचा वास येतो. समोरच्याला ग्रंथ येत नाही, स्वरांची नावं धड सांगता येत नाहीत, म्हणून त्याला अडाणी ठरवून मोकळं होणं त्यांच्याकडून घडलेलं आहे. ज्याच्या गळ्यात दोनशे वर्षांचं गाणं आहे त्याला व्याख्या येत नाही म्हणून हिणवायचं, हे मला पटत नाही. आजच्या अभ्यासकांनीही त्यांच्यावर हा ठपका ठेवला आहे आणि तो रास्त आहे. विचारणं आणि पकडणं यातली रेघ फार बारीक असते, आणि भातखंडे कधी अलीकडे कधी पलीकडे असायचे. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत श्रुतींवरून कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांच्याशी त्यांचा वाद झाला. अब्दुल करीम खाँ देवलांच्या बाजूने होते. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर, क्लेमंट्स न्यायाधीश, भातखंडे वकील! गाण्याचा निकाल लावायला कोर्टातली माणसं जमली होती म्हणायची.

लिहिण्याकडे परत येऊ, कारण आजचा समास त्याचा.

गाणं कागदावर उतरवायचं तर खुणा हव्यात. भातखंड्यांनी त्या इतक्या साध्या ठेवल्या की नागरी अक्षर वाचणारा कोणीही तासाभरात शिकेल. खालच्या सप्तकाला अक्षराखाली टिंब आणि वरच्याला डोक्यावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. समेला फुली, खालीला शून्य. शब्दातलं अक्षर लांबवायचं तिथे अवग्रह. विष्णु दिगंबर पलुसकरांनीही त्याच काळात आपली पद्धत काढली होती, ती जास्त बारकावे दाखवणारी आणि म्हणून शिकायला जड. भातखंड्यांची साधी होती, ती पसरली. समर्थ सांगतात ना, फार बारीक लिहू नका, मध्यम ठेवा, तसंच काहीसं.

या खुणांनी त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग तयार केले. सुमारे १८०० बंदिशी. धृपद, धमार, ख्याल, तराणे. कोणाच्या आजोबांनी कोणाला न दिलेल्या चिजा आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागल्या.

शास्त्राचे ग्रंथ वेगळे. पहिला श्रीमल्लक्ष्यसंगीतम्, संस्कृतात. विद्वानांनी ऐकून घ्यावं म्हणून संस्कृत. आपल्या पोलादपूरला ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांनी शिवछत्रपतींचं चरित्र संस्कृतात का लिहिलं असेल, याचं उत्तर मला नेहमी इथे सापडतं. पण भातखंड्यांचा खरा मोठा ग्रंथ मराठीत आहे. हिंदुस्थानी संगीत पद्धति, चार भाग. तो पूर्णपणे प्रश्नोत्तरांत लिहिलाय. शिष्य शंका विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा अडवतो. दासबोधासारखाच गुरुशिष्यसंवाद, आणि बोलताना ऐकू यावी तशी मराठी.

यातल्या एकाही मोठ्या ग्रंथावर त्यांनी सरळ स्वतःचं नाव घातलं नाही. संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या नावाने आणि मराठी ग्रंथ विष्णुशर्मा या नावाने. गंमत म्हणजे विष्णुशर्मा आपल्या ग्रंथात चतुर पंडिताचे दाखले देतात, जणू तो कोणी दुसराच जुना आचार्य! यावर काही जण नाक मुरडतात, आणि मलाही थोडं हसू येतं. स्वतःच स्वतःचा साक्षीदार व्हायचं म्हणजे वकिलाला न शोभणारी गोष्ट. पण नाव लपवण्याने त्यांना मान मिळण्याऐवजी तो दुसऱ्या कोणाच्या खात्यात गेला, हेही तितकंच खरं.

चतुर हीच त्यांची मुद्रा त्यांनी रचलेल्या लक्षणगीतांतही येते. लक्षणगीत म्हणजे काय, तर रागाची ओळख त्याच रागात बांधून गायची. वादी कोण, संवादी कोण, आरोहात काय वर्ज्य, केव्हा गायचा, हे सगळं गाण्याच्या शब्दांत. मुलाने गाणं पाठ केलं की व्याकरण आपोआप पाठ. संगीतकार म्हणून त्यांना कोणी फारसं ओळखत नाही, विद्वान म्हणूनच ओळखतात. पण शिकणाऱ्याची अडचण ओळखून केलेली ही रचना मला त्यांच्या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त आवडते.

पुढचा भाग संस्थांचा. १९१६ ला बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. मग दिल्ली, बनारस आणि दोन लखनौला. बडोद्याच्या संगीतशाळेची घडी बसवली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. हेच आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. ग्वाल्हेरचं महाविद्यालय उघडण्याआधी तिथले गवई मुंबईला त्यांच्याकडे स्वरलिपी शिकायला आले होते. त्यात राजाभैया पूछवाले होते. आधीच गवई म्हणून तयार असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. भातखंडे रामपूरला जसे झाले तसाच.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज त्यांची निवड केली. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. कागदावर नुसते स्वर लिहिले तर फरक नाही. भूप गंधारापाशी राहतो आणि खालच्या अंगाने फिरतो, देसकार धैवतावर उभा असतो आणि वरून खाली बघतो. म्हणून भातखंड्यांनी एक कल्याण थाटात घातला आणि एक बिलावलात. वादी, संवादी, पकड सगळं लिहिलं. तरीही पुस्तक वाचून देसकार गायला बसलात तर दोन मिनिटांत भूप होतो, हे शिकणाऱ्या कोणालाही विचारा. स्वरलिपी करणाऱ्या माणसाला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. त्याला त्यांनी आपली पुस्तकं देऊन घरात बसवलं नाही. बडोद्याला फैयाझ खाँसाहेबांच्या पुढ्यात बसायला पाठवलं. ज्या उस्तादांच्या पद्धतीवर आयुष्यभर टीका केली, त्याच पद्धतीच्या ओटीत आपला शिष्य घातला. पुढे हेच रातंजनकर लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

पुस्तक गाणं शिकवत नाही. मग लिहायचं कशाला?

आपल्याकडचं सांगते. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या ओळखीच्या एका घरातली भजनाची वही त्यात गेली. चाळीस वर्षं लिहिलेली. अभंगाचे शब्द गेले त्याचं काही नाही, ते गाथेत आहेतच. पण प्रत्येक अभंगावर बुवांनी चाल कुठली, कुणाकडून ऐकली, मध्ये गजर कुठे घ्यायचा, याच्या खुणा केल्या होत्या. बुवा आधीच गेलेले. आता त्यातल्या तीनचार चाली मंडळातल्या दोन म्हाताऱ्यांना येतात, बाकीच्या कोणालाच नाहीत. पोरं मुंबईला, गणपतीत चार दिवस येतात आणि यूट्यूबवरची चाल लावतात. त्यांचाही दोष नाही. त्यांना दुसरी ऐकायलाच मिळालेली नसते.

भातखंड्यांना अशीच घाई लागलेली होती. एकेक म्हातारा उस्ताद जात होता आणि प्रत्येकाबरोबर पन्नास-शंभर चिजा जात होत्या. लिहिलेलं अपुरं असतं हे माहीत असूनही त्यांनी लिहिलं, कारण अपुऱ्यावरून कोणीतरी गाणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. कोऱ्या कागदावरून नाही पोचत. कल्याणस्वामींच्या वहीतही समर्थांचा आवाज नाहीच की.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. पुढची तीन वर्षं अंथरुणावर. मालिकेचे शेवटचे दोन भाग अजून छापायचे होते. ते त्यांच्यानंतर बाहेर आले. १९ सप्टेंबर १९३६ ला त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. जन्म गोकुळाष्टमीचा आणि शेवट चतुर्थीचा, कोकणातल्या माणसाला दोन्ही तिथ्या वेगळ्या समजावून सांगायला नकोत.

यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा रात्रीच्या भजनाला मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मृदंगाच्या शेजारी ठेवा. म्हाताऱ्या बुवांना आधी विचारून. चाल कुणाची, हेही विचारा, आणि उलटतपासणी करू नका. कोणी चाल पाठवली तर मी ती भातखंडे पद्धतीने लिहायचा प्रयत्न करेन. माझं अक्षर समर्थांना आवडेल असं नाही, पण बाजूला जागा सोडून लिहिते.

उद्या दशक १९, समास २.

जय जय रघुवीर समर्थ.